वसंतातली शिकारी पक्ष्यांची मोजणी (पुणे परिसर)

हिवाळ्यात आपल्याकडे आलेले शिकारी पक्षी, म्हणजे भोवत्या (हॅरियर), गरुड, ससाणे वगैरे, ऊन तापायला लागलं की परत उत्तरेकडे निघतात. त्या दिवसांत एखाद्या उंच डोंगरावर ठाण मांडून जाणारा प्रत्येक पक्षी ओळखायचा, मोजायचा आणि तासागणिक लिहून ठेवायचा, याला बर्डर लोक हॉक वॉच म्हणतात. पुण्याकडे याचा सीझन होळीच्या आगेमागे रंगात येतो आणि एप्रिल संपता संपता आटोपतो.

ही पद्धत रुजली ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर. तिथे लोक कड्यावर बसून जाणाऱ्या पक्ष्यांना नुसत्या गोळ्या घालायचे, पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी 1934 मध्ये तो डोंगरच लीजवर घेऊन शिकार थांबवली आणि त्याच वर्षी मोजणी सुरू झाली. पुढे 1962 मध्ये लेखिका रेचेल कार्सन यांनी डीडीटी या कीटकनाशकाचे परिणाम मांडताना इथले आकडे वापरले, कारण गरुड दिसत होते पण त्यांच्यात लहान वयाचे कमी कमी होत चालले होते. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून मोजलं नसतं तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं? मोजणीचं खरं मोल मला यातच वाटतं.

वसंतात सगळ्यात मोठी गर्दी इस्रायलमधल्या ईलातला होते. हे पक्षी ज्यांच्यावर उंची मिळवतात ते गरम हवेचे झोत समुद्रावर नीट तयार होत नाहीत, म्हणून आफ्रिकेतून परतणारे पक्षी पाणी टाळून जमिनीच्या त्या अरुंद पट्ट्यावरून जातात. भारतात हिमाचलातल्या धरमशाळेजवळ धौलाधारच्या कडेकडेने स्टेपी गरुड जाताना दिसतात. पुण्यात असा चिंचोळा रस्ता नाही, सह्याद्री लांबच लांब पसरलेला आणि पूर्वेला पठार मोकळं, त्यामुळे पक्षी विखरून जातात आणि हजारोंचे थवे इथे बघायला मिळत नाहीत. एखादा तास पूर्ण कोरडा जातो, पण तो शून्यसुद्धा वहीत लिहायचाच, नाहीतर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना कशाची करणार.

जागा म्हणून सिंहगड चांगला, उंची सुमारे 1,300 मीटर आणि आजूबाजूला नजर मोकळी. पक्षी दक्षिणेकडून येणार म्हणून तोंड शक्यतो तिकडे करून बसायचं, राजगड-तोरणा समोर असले की जोडीदाराला "तोरण्याच्या डावीकडे, दोन बोटं वर" असं पटकन सांगता येतं. अगदी पहाटे जाऊन या कामासाठी फारसा फायदा नाही. उन्हाने कातळ तापून गरम हवा वर चढायला लागली की गरुड त्यात घिरट्या घालत उंची मिळवतात आणि मग पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरत जातात, दुपारनंतर पश्चिमेचा वारा डोंगराला धडकून वर उठतो त्याचाही उपयोग करतात. निळ्याशार आभाळात पक्षी हरवतो, मागे पांढरा ढग असला की लगेच दिसतो.

मोजायची युक्ती म्हणजे घिरट्या घालणारा घोळका मोजायला जायचंच नाही, तिथे एकच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचल्यावर ते एकामागून एक सुटतात, तेव्हा डोळे दुर्बिणीला लावलेले ठेवून हातातल्या क्लिकरवर एकाला एक असं दाबायचं. सोबत वारा, ढग, किती जण बघत होते हेही लिहायचं.

पुण्यातली मोठी अडचण म्हणजे घारी, त्या बारा महिने इथेच असतात. म्हणून नियम असा की सरळ एका दिशेने जाऊन नजरेआड झालेला पक्षीच मोजायचा, दरीवर ये-जा करणारी घार, सर्पगरुड किंवा शिक्रा वेगळ्या रकान्यात. भोवत्या उडताना पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून धरतो, त्यावरून लांबूनही कळतो. पांढुरक्या भोवत्याच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते, माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या पंखावर आडवी काळी पट्टी. माद्या मात्र दोन्हीकडे तपकिरी आणि कमरेवर पांढऱ्या, खात्री नसेल तर "पांढुरका किंवा माँटेग्यू" एवढंच लिहावं, ओढूनताणून नाव देऊ नये. अमूर ससाणे सगळ्यात उशिरा, एप्रिलअखेर ते मेमध्ये आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून भारतावरून ईशान्येकडे जातात, जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी.

वसंतातले आकडे शरद ऋतूतल्या आकड्यांशी लावून बघू नयेत, कारण शरदात दक्षिणेकडे येताना नवी पिल्लं सोबत असतात आणि वसंतात परतेपर्यंत त्यातली बरीच मेलेली असतात. दरवर्षीचा वसंत मागच्या वसंताशीच ताडायचा. आणि भोवत्यांची संख्या कमी दिसली तर डोंगरावर कारण शोधण्याआधी सासवड, सुपे, कडबनवाडीकडच्या माळरानांकडे बघावं, हे पक्षी हिवाळाभर अशाच गवतात नाकतोडे खातात आणि रात्री तिथेच जमिनीवर झोपतात. सरकारी कागदांत ही जमीन पडीक म्हणून लागते, म्हणून तिथे झाडं लावली किंवा प्लॉट पाडले तरी कुणी हरकत घेत नाही.

कड्यांवर याच महिन्यांत शाहीन ससाण्याची घरटी असतात, त्यामुळे कड्याच्या टोकाशी जाऊन डोकावू नये आणि घरट्याच्या जागेचे फोटो लोकेशनसकट टाकू नयेत.