दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या भिक्षूंजवळ पुस्तक नसे?

‘मध्ययुगीन युरोपातले फिरते भिक्षू काहीच बाळगत नसत, त्यामुळे प्रार्थना सगळ्या तोंडपाठ,’ असं वारंवार सांगितलं जातं.

व्रत खरं, निष्कर्ष चुकीचा. संत फ्रान्सिसच्या पंथातल्या, म्हणजे फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या १२२३च्या नियमावलीचा तिसरा अध्याय वाचा. धर्मसेवेची दीक्षा घेतलेल्यांनी दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या आणि त्यासाठी ब्रेव्हियरी, म्हणजे या प्रार्थनांचं पुस्तक, बाळगायला त्यांना स्पष्ट मुभा आहे. पाठांतर होतं ते इतर बंधूंसाठी: रात्रीच्या प्रार्थनेला ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना २४ वेळा, संध्याकाळी १२, इतर वेळच्या धरून दिवसाला एकूण ७६.

मोठ्या मठांत स्तोत्रं, वाचनं, गीतं यांचे वेगवेगळे जाडजूड ग्रंथ असत. पायी फिरणाऱ्याला ते कसे झेपणार? म्हणून सगळं एकाच आटोपशीर पुस्तकात आलं: पातळ चर्मपत्र, बारीक अक्षर, भरपूर संक्षेप. मालकी मात्र भिक्षूची नसे, फक्त वापर त्याचा. व्रत मोडत नसे ते यामुळेच.

पडताळायचं असेल, तर ग्रंथालयांनी ऑनलाइन ठेवलेल्या ब्रेव्हियरींमधली सणांची दिनदर्शिका बघा. ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण दिसेल, पण तो इतरांच्या पुस्तकांतही येतो. २५ मे रोजी त्यांच्या अवशेषांच्या स्थलांतराचा सणही असेल, तर पुस्तक फ्रान्सिस्कन वापराचं असण्याची शक्यता बरीच वाढते.