शेंड्याची दादागिरी

फालुद्यात फुगून बुळबुळीत होणारा सब्जा आणि पिझ्झ्यावरची बेसिलची पानं एकाच वनस्पतीची: ऑसिमम बॅसिलिकम. आपली तुळस तिची सख्खी चुलत बहीण. त्यामुळे महागडं रोप आणण्याआधी किराणा दुकानातल्या पुडीतलं चिमूटभर बी कुंडीत टाकून पाहायला हरकत नाही. पान इटालियन वाणासारखं रुंद येईलच असं नाही आणि वासही जरा निराळा असतो, कारण लिनालूल, युजेनॉल वगैरे सुगंधी द्रव्यांचं प्रमाण वाणागणिक बदलतं. बी खोल पुरू नका. मातीवर भुरभुरवून पाणी शिंपडलं की दाण्याभोवती तोच फालुद्यातला चिकट थर तयार होतो आणि ओल धरून ठेवतो. उबदार हवेत साधारण आठवड्याभरात कोंब दिसतात. पुढे पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा एवढं पुरतं.

खरी गंमत नंतर आहे. माझं पहिलं रोप काठीसारखं सरळ वाढलं, टोकाला मंजिऱ्या आल्या आणि पानं बारकी होत गेली. लहानपणापासून तुळशीला उगाच हात लावायचा नाही ही सवय, त्यामुळे शेंडा खुडायला हात धजावत नव्हता. तीच चूक.

सब्जाची पानं जोडीने, समोरासमोर येतात. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक झोपलेला डोळा असतो, म्हणजे प्रत्येक पेरावर दोन फांद्यांची सोय आधीच असते. त्यांना जाग का येत नाही? 1930च्या दशकात केनेथ थिमन आणि फोक स्कूग या शास्त्रज्ञांनी फाबा बीनच्या रोपांचे शेंडे कापले, तेव्हा खालचे डोळे वाढू लागले. कापलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं, तर मात्र ते झोपूनच राहिले. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन डोळ्यांना दाबून ठेवतं, हे उत्तर कित्येक वर्षं पुरलं. 2014 साली वाटाण्यावरच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. शेंडा कापल्यावर ऑक्झिन घटल्याचा परिणाम खालपर्यंत पोचण्याआधीच तिथले डोळे फुगू लागले होते! शेंडा एकटाच ओढून घेत होता ती साखर आता त्यांच्या वाट्याला आली होती. ऑक्झिनचं काम संपलं असं नाही, पण पहिली हाक साखरेची.

म्हणून रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या जरा वर खुडा. एकाच्या दोन फांद्या होतील, त्या वाढल्यावर पुन्हा खुडल्या की चार. बरेच जण खालची मोठी पानं तेवढी तोडतात आणि शेंडा जपतात. म्हणजे साखर बनवणारी पानं गेली आणि ती खाणारा शेंडा तसाच राहिला. मंजिरीही दिसताच काढावी, कारण फांदीचं टोक फुलोऱ्यात गेलं की तिथून नवी पानं येत नाहीत. एखादी मधमाश्यांसाठी आणि बियांसाठी राहू द्या.

खुडलेले शेंडे फ्रिजमध्ये ठेवू नका. ही उष्ण प्रदेशातली वनस्पती, फ्रिजच्या थंडीत तिच्या पेशींची पटलं बिघडतात आणि पानं काळी पडतात. पेलाभर पाण्यात देठ बुडवून ओट्यावर ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात आणि आणखी एक कुंडी शोधावी लागते.