सॉफ्टी म्हणजे स्वस्तातला जेलाटो नव्हे

पुण्याची मावसबहीण मे महिन्यात पणजीला आली की 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर हे वाक्य ठरलेलं: "जेलाटो म्हणजे आपली सॉफ्टीच ना गं, जरा महागातली?" यंदा मी हातच जोडले.

जेलाटो म्हणजे इटालियन पद्धतीचं आइस्क्रीम. सॉफ्टी तुम्हाला माहीत आहे. जत्रेत, चर्चच्या फेस्तात कोनावर वळसे घेत चढते आणि मिनिटभरात मनगटावरून ओघळते. कोन की कप, किंमत, भिंतीवरचा इटलीचा झेंडा, हे सगळं सोडून द्या.

गोम आहे ती गोठवतात कधी, यात. सॉफ्टीच्या यंत्रात वरच्या टाकीत दुधाचं पातळ मिश्रण साधारण 4 अंशांवर असतं. खालच्या गार नळकांड्यात पाती ते खरवडत राहतात, त्यात हवा मिसळते आणि तोटीतून माल उणे 6 अंशांच्या आसपास बाहेर पडतो, तो थेट तुमच्या हातात. त्यातलं बरंच पाणी अजून गोठलेलंच नसतं, म्हणून ती मऊ. जेलाटो आधीच घुसळून, गोठवून शोकेसमध्ये उणे 12 च्या आसपास ठेवलेला असतो. हवा कमी, त्यामुळे चमच्याला जड लागतो. तरी दगड होत नाही, कारण साखर: ती पाण्यात विरघळली की पाणी गोठायला जास्त थंडी लागते. "त्यात क्रीम जास्त असतं ना" हे तर ऐकवत नाही. नेहमीच्या आइस्क्रीमला आपल्याकडे नियमानेच निदान 10 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. जेलाटोत तो सहसा याहून कमीच असतो.

हे समजलं की नव्या दुकानांच्या पाट्या वाचता येतात. "बेबिंका सॉफ्ट सर्व्ह" (बेबिंका म्हणजे गोव्याचा थराथरांचा गोड केक, सॉफ्ट सर्व्ह म्हणजे सॉफ्टीच) असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, बेबिंका आहे कुठे? तोटीतून तुकडे जात नाहीत, यंत्र तुंबतं. म्हणजे एकतर बेबिंका दुधात मुरवून, गाळून घ्यायचा, नाहीतर वरून चुरायचा. एका ठिकाणी पोराने प्रामाणिकपणे इसेन्सची बाटलीच दाखवली. तुकडे दाताखाली यायला हवे असतील तर जेलाटोच घ्या. कोकमाचं उलट: आंबटपणाने दूध फाटतं, म्हणून जो नारळाच्या रसात सोलकढीची सॉफ्टी करतो त्याला माझा सलाम. मिरचीचा ठेचा टाकणाऱ्याला नाही. आणि फेणी? दारूनेही गोठणं लांबतं. घालणाऱ्याचा हात सैल असला की तोटीतून सरबत येतं.

शोकेसमध्ये डब्याच्या वर डोंगर रचलेला जेलाटो मी घेत नाही. वरचा थर थंडीच्या बाहेर राहतो, देखावा तेवढा होतो.

"मग घेऊ काय?" बहीण वैतागली. मानकुराद आंब्याचा जेलाटो, आणि आत्ताच. जूनमध्ये लाइट जाते-येते, वितळलेला माल हळूहळू परत गोठतो आणि जिभेला बर्फाची रेती लागते.

तिने सॉफ्टी घेतली. चॉकलेट.