महिला आशियाई चषक पात्रता फेरी आणि नवी मुंबई

महिला आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत कोणते संघ खेळणार हे ठरवणाऱ्या सामन्यांना पात्रता फेरी म्हणतात. बोलताना ‘क्वालिफायर’ हाच शब्द चालतो. २०२२ ची मुख्य स्पर्धा महाराष्ट्रात झाली. अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडीबरोबर नवी मुंबईतील नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियमही तिचे मैदान होते. तिथे आलेल्या बहुतेक संघांनी ती वाट पात्रता फेरीतून काढली होती.

या स्पर्धेपासून मुख्य फेरीतील संघ ८ वरून १२ झाले. यजमान भारत आणि २०१८ चे पहिले तीन संघ जपान, ऑस्ट्रेलिया व चीन यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या ८ जागा सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मधील ८ गटांच्या विजेत्यांना मिळाल्या. गटातील सर्व संघ एकाच शहरात जमतात आणि एकमेकांशी एकदाच खेळतात. परतीचा सामना नसल्याने एका दुपारची चूक भरून काढायला दुसरी संधी मिळत नाही.

गुण समान झाले की आधी आपसातील सामना पाहतात, मग एकूण गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक. एप्रिल २०१७ मध्ये प्याँगयांगच्या गटात उत्तर आणि दक्षिण कोरियाची १-१ बरोबरी झाली. त्याच गटात दक्षिण कोरियाने भारतावर १० गोल केले होते, उत्तर कोरियाने ८. गोलफरकावर दक्षिण कोरिया पुढे गेला आणि उत्तर कोरियासारखा बलाढ्य संघ घरच्या मैदानावर बाद झाला. दुबळ्या संघावर आणखी गोल कशाला, असे प्रेक्षकाला वाटते. पात्रता फेरीत मात्र तेच गोल शेवटी मोजले जातात.

सप्टेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला तर गोलफरकही पुरला नाही. इराण आणि जॉर्डन दोघांनीही बांगलादेशला ५-० ने हरवले होते आणि आपसात ०-० अशी बरोबरी झाली. पेनल्टी शूटआउट ४-२ जिंकून इराण पहिल्यांदाच मुख्य स्पर्धेत आला. त्याचा पहिला सामना २० जानेवारी २०२२ रोजी नेरुळला भारताशी झाला आणि तोही ०-० सुटला.

तीन दिवसांनी, चिनी तैपेईविरुद्धच्या (म्हणजे तैवानच्या संघाविरुद्धच्या) सामन्याआधी, कोरोनामुळे भारताला किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. नियमानुसार यजमानांनी माघार घेतली असे धरले गेले आणि त्यांचा झालेला सामनाही रद्द ठरला. भारतीय मुलींचे दुःख मोठेच होते, पण इराणचेही विसरू नये. ताश्कंदहून झगडून आलेल्या या संघाने कमावलेला एकमेव गुण त्यात पुसला गेला.

व्हिएतनामची गोष्ट वेगळी. दुशान्बेतील पात्रता गटात मालदीवला १६-० आणि ताजिकिस्तानला ७-० हरवून हा संघ आला होता. मुख्य स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत तो हरला, पण २०२३ च्या विश्वचषकाची एक जागा या फेरीत हरलेल्यांच्या आपसातील सामन्यांतून, म्हणजे प्लेऑफमधून, मिळणार होती. ६ फेब्रुवारीला नेरुळलाच चिनी तैपेईला २-१ नमवून व्हिएतनामने पहिल्यांदा विश्वचषक गाठला. त्याच दिवशी त्याच मैदानावरच्या अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांच्या पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ हरवले. विजेतेपद त्या सामन्यात ठरले असले तरी पात्रता फेरीचे मोल व्हिएतनामच्या दुपारच्या लढतीत अधिक दिसले.

भारताला हे मोल २०२५ मध्ये स्वतः चुकवावे लागले. २००३ नंतर तो थेट २०२२ ला मुख्य स्पर्धेत दिसला होता, तेही यजमान म्हणून. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चियांग माईच्या गटात भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवले. ५ जुलैच्या शेवटच्या सामन्याआधी भारत आणि थायलंड यांचे गुण समान होते आणि गोलफरकही सारखाच, अधिक २२. संगीता बासफोरच्या दोन गोलांमुळे भारत २-१ जिंकला. पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. नेरुळच्या त्या पुसलेल्या सामन्यात खेळलेली मनीषा कल्याण या संघातही होती.