उन्हाची सवय झाली तरी पाणी जास्तच लागतं

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याच्या फांद्यांवर पान नसतं आणि पावसाळा सरून कितीतरी महिने झालेले असतात. मग फुलांना पाणी कुठून येतं? पानं गळाली की त्यांच्यातून उडून जाणारं पाणी जवळपास थांबतं. खोल गेलेली मुळं मात्र ओल ओढत राहतात. खोड पुन्हा पाण्याने भरतं आणि त्या साठ्यावर फुलं येतात, मागाहून पालवी.

माणसाचं उलट आहे. ऊन वाढलं की पाणी खर्चूनच अंग थंड ठेवावं लागतं. एक लिटर घाम त्वचेवरून सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. गव्हाच्या सवंगणीत भर दुपारी राबणाऱ्याचा एवढा घाम तासाभरात जाऊ शकतो. आपल्या वऱ्हाडाची हवा कोरडी, त्यामुळे तो दिसायच्या आत उडतो. कोकणातला माणूस ओलाचिंब होतो. वऱ्हाडात संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. म्हणूनच किती पाणी गेलं याचा अंदाज इथे हमखास चुकतो.

त्यात गावोगाव एक समजूत आहे: ‘आम्हाले उन्हाची सवय हाये, एवढं पाणी नाई लागत.’ सवय होते हे खरं. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण घाम आधीपेक्षा जास्त येतो! अंग थंड राहतं ते त्याच्याच जोरावर. सरावलेल्या शरीराला म्हणूनच पाणी जास्त लागतं. आणि आठवडाभर सावलीत बसलं तर हा सराव ओसरू लागतो.

सुरुवातीच्या दिवसांत घामातून मीठ अधिक जातं. तेव्हा मीठ घातलेली ज्वारीची आंबील मला फार मोलाची वाटते. ज्वारीतला स्टार्च पचून ग्लुकोज होतं आणि लहान आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम शोषलं जातं, त्यामागे पाणी. ओआरएसही याच तत्त्वावर चालतं. (खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या विहिरींचं, खारं पाणी मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही.) रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

कामावर दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावं, तहानेची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसांना तहान कमीच जाणवते, त्यांना आठवणीने पाणी द्यावं. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.