थेरपिस्टची तटस्थता आली कुठून?

थेरपिस्टने राजकारणात पडू नये, असं म्हणणाऱ्यांत थेरपिस्टच पुष्कळ असतात. समोर बसलेल्या माणसाचं ऐकावं, दाराबाहेरच्या जगाबद्दल गप्प राहावं, हा जणू या व्यवसायाचा मूळ धर्म. पण ही सवय मागाहून लागली आणि ती लागण्यात भीतीचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

सप्टेंबर १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बुडापेस्टला भरलेल्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत, मनोविश्लेषण ही उपचारपद्धती सुरू करणारे फ्रॉइड म्हणाले, की जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेवर गरिबाचा जेवढा हक्क आहे तेवढाच मनाच्या उपचारांवरही आहे. कधीतरी समाजाचा विवेक जागा होईल आणि हे उपचार विनामूल्य मिळतील. फ्रॉइड काही चळवळीतले नव्हते. ऐकणाऱ्यांनी मात्र ते शब्द मनावर घेतले. १९२० मध्ये माक्स आयटिंगॉन आणि अर्न्स्ट सिमेल यांनी बर्लिनमध्ये असा दवाखाना उघडला, जिथे ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावं, नसेल तर देऊ नये. १९२२ मध्ये व्हिएन्नातही तसा दवाखाना निघाला. त्याच शहरात मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर पालकांना आणि शिक्षकांना एकत्र बसवून मुलांच्या अडचणी सोडवत होते. मनोविश्लेषक विल्हेल्म राइश आणखी पुढे गेले. एकेकाला बरं करत बसून भागणार नाही, माणसाला आजारी पाडणारी परिस्थितीच बदलायला हवी, असं म्हणत ते कामगार वस्त्यांत शिरले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सगळं फिरलं. संस्था वाचवायची या नावाखाली बर्लिनच्या मनोविश्लेषकांनी एकेक पाऊल मागे घेतलं. राइश यांना १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर काढण्यात आलं. १९३५ मध्ये संस्थेतल्या ज्यू सदस्यांना राजीनामे द्यावे लागले. त्याच वर्षी नाझीविरोधी गटाशी संबंध असलेल्या मनोविश्लेषक एडिथ जेकबसन यांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं. १९३६ मध्ये कारभार नाझी नेता हेर्मान ग्योरिंगच्या चुलतभावाच्या, मथियास ग्योरिंगच्या हाती गेला. एवढं करून वाचली ती नावापुरती संस्था. ज्यांनी ती उभी केली होती ते परागंदा झाले होते.

त्यांतले अनेक अमेरिकेत पोचले. परका देश, नवी भाषा, पुढे कम्युनिस्टांच्या नावाने झालेली धरपकड. जुन्या विचारांबद्दल न बोलणंच शहाणपणाचं होतं. त्यांच्यातलेच एक, ओट्टो फेनिखेल, डाव्या विचारांच्या सहकाऱ्यांना १९३४ ते १९४५ गुप्तपणे पत्रं पाठवत राहिले. अशी ११९ पत्रं झाली. पुढच्या पिढीला त्यांचं नाव माहीत झालं ते त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातून. त्या पत्रांबद्दल तिला कोणी फारसं सांगितलं नाही. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त लागते.

तरी धागा तुटला नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, एका चर्चच्या तळघरात मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांनी लाफार्ग क्लिनिक सुरू केलं. फी २५ सेंट. तिथे तपासलेल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दलची साक्ष शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात उपयोगी पडली. वर्णभेदाने मुलांच्या मनात स्वतःबद्दल न्यूनगंड कसा रुजतो हे दाखवणारे मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क यांचे बाहुल्यांचे प्रयोगही त्याच लढाईत कामी आले. फ्रेंच राजवटीखालच्या अल्जीरियात मानसोपचारतज्ज्ञ फ्रांत्स फॅनन यांच्याकडे छळ सोसलेलेही येत आणि छळ करणारे पोलीसही. १९५६ मध्ये त्यांनी सरकारी रुग्णालयाचा राजीनामा दिला. ज्या देशात माणूस स्वतःच्याच भूमीवर परका केला जातो, तिथे त्याला ‘जुळवून घ्यायला’ शिकवायचं तरी कसं, असा त्यांचा सवाल होता. यादवी युद्धात होरपळणाऱ्या मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये मानसशास्त्रज्ञ इग्नासिओ मार्तिन-बारो यांनी युद्धाच्या जखमा एकेकट्याच्या डोक्यात शोधू नका, त्या माणसामाणसांतल्या नात्यांत आहेत, असं मांडलं. १६ नोव्हेंबर १९८९ ला लष्कराने त्यांना विद्यापीठाच्या आवारातच ठार केलं.

या कहाणीत व्यवसाय नेहमी चांगल्या बाजूला होता असं मात्र नाही. समलैंगिकता हा आजार आहे असं मानसोपचाराच्याच ग्रंथात लिहिलेलं होतं. १९७२ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर हे मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा घालून, आवाज बदलून उभे राहिले आणि आपण समलैंगिक आहोत असं सांगितलं. स्वतःच्या व्यवसायबंधूंसमोर चेहरा झाकावा लागला त्यांना! डिसेंबर १९७३ मध्ये ती नोंद यादीतून निघाली.

२००१ नंतर अमेरिकी कैद्यांच्या क्रूर चौकशीत मानसशास्त्रज्ञ सामील होते, हे उघड झालं. त्यांची संघटना बराच काळ सारवासारव करत राहिली. शेवटी २००८ मध्ये साध्या सदस्यांनीच सह्या गोळा करून मतदान घडवून आणलं आणि कायदा धाब्यावर बसवणाऱ्या अशा कैदखान्यांत काम करायला मनाई करणारा ठराव जिंकला. संघटनेच्या परिषदेने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशांतून मानसशास्त्रज्ञांना बाहेर ठेवण्याचा निर्णय घेतला तो ऑगस्ट २०१५ मध्ये.