खुर्ची कोणाला, काम कोणाचे: सेवा क्लबांच्या सभासदत्वाची पार्श्वभूमी

रोटरी, लायन्स, किवानीस किंवा तत्सम सेवा क्लबात दाखल होणाऱ्या नव्या सभासदाला पहिल्या काही महिन्यांत हमखास दोन-तीन गोष्टींचे नवल वाटते. नुसता अर्ज करून भागत नाही, जुन्या सभासदाने आपले नाव सुचवावे लागते. आपला व्यवसाय कोणता याची नोंद बारकाईने घेतली जाते. आणि एखाद्या प्रकल्पावर घाम गाळला नाही तरी चालते, पण सभा चुकवलेली चालत नाही, असे निदान जुने सभासद तरी बजावून सांगतात. समाजसेवेच्या संस्थेला ही बंधने कशासाठी हवीत, हा प्रश्न रास्त आहे. याचे कारण असे की, हे नियम मुळात सेवेसाठी केलेच नव्हते. ते व्यापारउदीम वाढवण्यासाठी केले होते आणि सेवा त्यांत पुढे, काहीशा वादावादीतून, शिरली.

पॉल हॅरिस हा वकील शिकागोत आला तेव्हा त्या अवाढव्य शहरात त्याला ओळखीचे फारसे कोणी नव्हते. त्याचे बालपण व्हर्माँट राज्यातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावात आजी-आजोबांकडे गेले होते, जेथे दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखत असे. १९०० मध्ये एका वकील मित्राने त्याला आपल्या उपनगरातून फेरफटका मारून आणले आणि वाटेत भेटणाऱ्या दुकानदारांशी त्याची ओळख करून दिली, तेव्हा गावातला तो ओळखीचा व्यवहार शहरातही जमवता येईल असे हॅरिसला वाटू लागले. ही कल्पना प्रत्यक्षात यायला पाच वर्षे लागली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत चार जण जमले : हॅरिस स्वतः, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शिले, खाण अभियंता गुस्ताव्हस लोहर आणि शिंपीकामाचा व्यवसाय असलेले हायरम शोरी. सभा पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरवायची असे ठरले आणि त्या फिरतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडले.

या मंडळींनी एक नियम केला, ज्याचे परिणाम पुढे शंभर वर्षे टिकले. प्रत्येक व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा. वकील एक, शिंपी एक, कोळसेवाला एक. यामागचा हिशेब सरळ होता : क्लबात प्रतिस्पर्धी नसेल तर सभासद निःशंकपणे एकमेकांकडून माल घेतील आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देतील. कोणी कोणाला किती धंदा दिला याची टिपणे ठेवण्यासाठी क्लबाने स्टॅटिस्टिशियन हे पदच निर्माण केले होते. जानेवारी १९०६ मधील घटनेत क्लबाची उद्दिष्टे दोनच होती, सभासदांच्या व्यावसायिक हिताची वाढ आणि आपसांतील स्नेहभाव. गावाचा उल्लेख त्यांत कोठेही नव्हता.

तो उल्लेख आला एका नकारामुळे. त्याच वर्षी डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण देण्यात आले. त्याने उद्दिष्टे वाचली आणि, ज्या क्लबाचा सभासदांखेरीज कोणालाच उपयोग नाही असा क्लब फार काळ टिकणार नाही, असे सांगून निमंत्रण नाकारले. त्याची समजूत काढण्याऐवजी क्लबाने घटना बदलली आणि शिकागो शहराचे हित व नागरिकांमधील नगराभिमान यांची वाढ हे तिसरे उद्दिष्ट जोडले. मग कार्टर सभासद झाला. सेवा क्लबांच्या इतिहासात संस्थापकांची नावे ठळक टाइपात छापली जातात, कार्टरचे नाव क्वचितच. पण या संस्थांना ‘सेवा’ हे विशेषण लागण्याचे श्रेय, माझ्या मते, नाही म्हणणाऱ्या या माणसाला बरेचसे दिले पाहिजे.

नव्या उद्दिष्टाखाली हाती घेतलेले पहिले मोठे काम फारसे मिरवण्याजोगे नव्हते. १९०७ मध्ये क्लबाने शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृहे असावीत अशी मोहीम सुरू केली. विरोध झाला तो मद्य उत्पादकांच्या संघटनेकडून आणि मोठ्या दुकानदारांकडून. पुरुषांची सोय दारूच्या गुत्त्यांत आणि स्त्रियांची बड्या दुकानांत आधीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती सोय वापरताना काहीतरी खरेदी करणे ओघानेच येत होते, हे सांगायला नको. क्लब मागे हटला नाही आणि १९०९ मध्ये सिटी हॉलजवळ स्वच्छतागृह उभे राहिले. येथे ‘एका व्यवसायाचा एक’ हा नियम अनपेक्षितपणे कामी आला. एकाच धंद्याची संघटना आपल्या हिताच्या आड येणारे काम करत नाही. पण जेथे प्रत्येक धंद्याचा एकेकच माणूस आहे तेथे कोणत्याही एका धंद्याचे हितसंबंध पुरेसे जड होत नाहीत.

क्लबांची वाढही या नियमाने घडवली. दुसऱ्या वकिलाला त्याच क्लबात जागा नसल्यामुळे संस्था एका शहरात फुगण्याऐवजी शहराशहरांत पसरली. १९०८ मध्ये सान फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब निघाला आणि १९१० मध्ये १६ क्लबांची राष्ट्रीय संघटना झाली. पुढे हवाना, मनिला, कोलकाता अशा दूरच्या शहरांत क्लब निघाले. कोलकात्याच्या क्लबाला सनद मिळाली ती १ जानेवारी १९२० रोजी, आणि १९६२-६३ मध्ये नितीश लाहरी यांच्या रूपाने एक भारतीय या जागतिक संघटनेचा अध्यक्ष झाला. ज्यांना रोटरीत खुर्ची मिळाली नाही अशांची संख्याही प्रत्येक शहरात मोठी असणार, आणि दशकभरात निघालेल्या इतर क्लबांना त्यांतूनच सभासद मिळाले असावेत, असा तर्क करायला जागा आहे.

किवानीसचा जन्म १९१५ मध्ये डेट्रॉइट येथे झाला, तोही परस्परांना धंदा देण्याच्या करारावरच. येथे सभासदत्व हीच एक विक्रीची वस्तू होती. संघटक ॲलन ब्राउन याच्याकडे नवे क्लब काढण्याचे हक्क होते आणि सभासद नोंदणीतून त्याची कमाई होत असे. १९१९ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामा येथील अधिवेशनात क्लबांनी १७,५०० डॉलर जमवून ते हक्क विकत घेतले. स्वतःच्या संस्थेची मालकी सभासदांनी रोख मोजून सोडवून घ्यावी, हे उदाहरण विरळाच. लायन्सच्या वाटचालीत हा पालट आणखी लवकर झाला. मेल्व्हिन जोन्स हा विमा व्यावसायिक शिकागोच्या बिझनेस सर्कल या व्यापारी मंडळाचा चिटणीस होता. ७ जून १९१७ रोजी त्याने निरनिराळ्या मंडळांची बैठक बोलावली आणि ऑक्टोबरमध्ये डॅलस येथील पहिल्याच अधिवेशनात, सभासदांचा आर्थिक लाभ हे कोणत्याही क्लबाचे उद्दिष्ट असणार नाही, असा नियम केला. जी गोष्ट रोटरीत घटनादुरुस्त्या होत होत आली ती लायन्सने प्रारंभीच लिहून टाकली. १९२५ मध्ये सीडर पॉइंट येथील अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, आणि दृष्टिदानाच्या कार्याशी या संघटनेचे नाव कायमचे जोडले गेले.

सेवा करायची हे ठरल्यावर, ती कोणी करायची, हा वाद उभा राहिला. क्लबाने संस्था म्हणून काम अंगावर घ्यावे, की सभासदांना घडवून त्यांना आपापल्या व्यवसायात व गावात काम करू द्यावे? हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. ओहायोतील एलिरिया गावचे एडगर ॲलन यांचा मुलगा १९०७ मध्ये ट्रामच्या अपघातात दगावला. गावात रुग्णालय नव्हते. त्यांनी आधी रुग्णालय उभारले आणि मग अपंग मुलांच्या उपचारांसाठी रोटरी क्लबांना साद घातली. प्रतिसाद इतका मोठा होता की संपूर्ण संघटनेनेच हे काम स्वीकारावे अशी मागणी पुढे आली, आणि तितक्याच जोराने तिला विरोधही झाला. एका कामाचा शिक्का सगळ्यांवर बसला तर स्थानिक गरजा पाहणार कोण, असा विरोधकांचा सवाल होता.

१९२३ मध्ये सेंट लुई अधिवेशनात संमत झालेल्या २३-३४ क्रमांकाच्या ठरावाने हा वाद मिटवला. गावासाठी कोणते काम करायचे ते निवडण्याचा अधिकार प्रत्येक क्लबाचा राहील. वर्षात एखादे तरी मोठे काम सगळ्या सभासदांनी मिळून करावे. दुसरी संस्था जे काम नीट करत आहे त्यात हात घालू नये. आणि कामाचा हेतू क्लबाची प्रसिद्धी हा नसावा, अशी त्यातील प्रमुख सूत्रे होती. या ठरावाची भाषा रुक्ष आहे, परंतु सभासद आणि क्लब यांच्या नात्याविषयी इतका नेमका विचार या संस्थांच्या कागदपत्रांत दुसरीकडे कमीच सापडतो. सामूहिक काम हे सभासदाला वैयक्तिक सेवेची सवय लागावी म्हणून करायचे, अशी त्यामागची भूमिका होती. ही भूमिका पाच दशकांहून अधिक काळ टिकली. १९७९ मध्ये फिलिपिन्समधील सुमारे ६० लाख बालकांना पोलिओची लस देण्याचा करार झाला, १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम जाहीर झाली आणि १२ कोटी डॉलरच्या उद्दिष्टापुढे १९८८ पर्यंत २४.७ कोटी डॉलर जमले, तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून एकच काम करण्याला असलेला जुना विरोध मावळला.

हजेरीचा आग्रहही याच भूमिकेतून टिकला. सभासदावर संस्कार करायचा असेल तर तो आधी सभेत बसायला हवा. ठरावीक प्रमाणाखाली हजेरी गेली तर सभासदत्व जाई. परगावी असलेल्या सभासदाने तेथील क्लबाच्या सभेला बसून ‘मेकअप’, म्हणजे चुकलेल्या सभेची भरपाई, करावा अशी सवलत असे. याचा फायदा झाला, तोटाही झाला. भर दुपारी दर आठवड्याला दीड तास मोकळा काढू शकणारा माणूस म्हणजे बहुधा मालक, भागीदार किंवा वरिष्ठ अधिकारी. पगारी नोकर, पाळीत काम करणारे, लहान मुलांचे पालक हे कोणी न वगळताच वगळले गेले.

काहींना तर उघडपणेच वगळले होते. सभासद होणारी व्यक्ती पुरुष असली पाहिजे असे या क्लबांचे नियम होते. स्त्रियांनी त्यामुळे आपापल्या संस्था काढल्या : १९१९ मध्ये बफेलो येथे झोंटा, १९२१ मध्ये ओकलंड येथे सोरॉप्टिमिस्ट. मँचेस्टरमध्ये रोटरी सभासदांच्या पत्नी मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने १९२३ च्या नोव्हेंबरात जमल्या त्या एका तुर्की हमामखान्यात, आणि पुढच्या जानेवारीत इनरव्हील क्लब रीतसर सुरू झाला. तरुणांचे गाऱ्हाणे वेगळे होते. ज्येष्ठांच्या क्लबात आपल्याला बोलायला जागा नाही, असे वाटून लुई मार्केसी याने १९२७ मध्ये नॉरिच येथे राउंड टेबल काढले आणि चाळिशीनंतर सभासदत्व संपेल असा नियम केला. जर्मनीत नाझी राजवटीच्या दडपणाखाली दारे आणखी अरुंद झाल्याचीही नोंद आहे. १९३३ मध्ये म्युनिकच्या रोटरी क्लबाने नोबेल पारितोषिक मिळालेले लेखक थॉमस मान यांचे नाव सभासदांच्या यादीतून काढले. ज्यू सभासदही गेले. तडजोडीचा उपयोग झाला नाही आणि १९३७ मध्ये जर्मनीतील क्लब बंदच झाले.

स्त्रियांचा प्रश्न शेवटी न्यायालयात सुटला, आणि त्याची सुरुवात एका लहान क्लबाच्या रोडावलेल्या सभासदसंख्येतून झाली. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील रोटरी क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. १९७८ मध्ये मध्यवर्ती संघटनेने क्लबाची सनद रद्द केली. क्लबाने रोटरीच्या चक्राच्या बोधचिन्हावर फुलीची खूण केली, स्वतःला ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून घेतले आणि दावा लावला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ० मतांनी क्लबाच्या बाजूने निकाल दिला. सभासद निवडणे ही आमची खाजगी बाब आहे, हा संघटनेचा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला. क्लबात काही ठिकाणी वीसहून कमी तर काही ठिकाणी नऊशेहून अधिक सभासद असतात, दरवर्षी जुने जातात व नवे येतात, सभांना पाहुणे येतात, कामाची बातमी वृत्तपत्रांना दिली जाते. अशा संस्थेला घरगुती नात्यासारखे खाजगीपण कसे असेल, असा त्या निकालाचा आशय होता. गावासाठी आपण खुले आहोत असे जे क्लब अभिमानाने सांगत आले होते, त्यांच्या दाराबाबत तोच अभिमान पुरावा ठरला. लायन्स आणि किवानीस यांनी त्याच वर्षी नियम बदलले, रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी. रोटरीच्या जागतिक अध्यक्षपदी पहिली स्त्री, जेनिफर जोन्स, आली ती मात्र २०२२ मध्ये.

बाकीचे नियम न्यायालयाशिवाय सैल झाले. २००१ मध्ये रोटरीने ‘एका व्यवसायाचा एक’ ही मर्यादा उठवून एका व्यवसायातून अनेक सभासद घेण्याची मुभा दिली. २०१६ मध्ये सभा किती वेळा आणि कोणत्या स्वरूपात भरवायच्या व हजेरीचे काय करायचे, हे बरेचसे क्लबांवर सोपवले. नाव सुचवण्याची पद्धत तेवढी अजून बहुतेक ठिकाणी आहे, आणि या सगळ्या नियमांत जुन्या खोलीची सर्वांत जास्त आठवण तीच करून देते. क्लबाचा चिटणीस आता वर्षअखेरीस जो अहवाल भरतो त्यात सभासदांनी किती तास सेवा केली आणि ती किती लोकांपर्यंत पोहोचली, यांचे रकाने असतात. शिकागोच्या स्टॅटिस्टिशियनच्या टिपणांत कोणी कोणाकडून किती धंदा मिळवला तेवढेच होते.